तीनशे घरांचा पट

दिवाळीच्या सुट्टीत बहीण दोन लेकरं घेऊन आली ती सांगतच आली, की दाजींची बदली गुजरातेत झालीय, आता इकडं येणं काही जमायचं नाही. घरात मी एकटा. भाऊबीज झाली तशी तिनं पिशव्या भरायला घेतल्या. मी म्हणालो, "लेकरांसोबत एक खेळ करतो, तेवढा खेळून जा."

"एकच हं, दादा. खेळ संपला की निघायचं."

झालं! एवढ्या एका वाक्यावर मी पट आखायला बसलो.

कागद कसला पुरतोय? गोठ्यावर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं फ्लेक्स टाकलेलं होतं, ते काढून उलटं अंथरलं. एवढं मोठं, की एका टोकाला भाचा उभा राहिला तर दुसऱ्या टोकाहून त्याला फोन लावावा लागावा, आणि रेंज तर आमच्या गावात न्हायच. तीनशे घरं आखली. नऊ वर्षांची भाची रंगवायला, सहा वर्षांचा भाचा रंग सांडायला. माकणीच्या धरणात म्हैस बसली, दोन डाव थांबा. रामलिंगच्या देवळातल्या माकडानं पिशवी पळवली, वीस घरं मागं. शेवटचं घर येडशी स्टेशन. साप एकोणचाळीस.

"मामा, शिड्या?"

"आपल्या जिल्ह्यात शिड्या उगवत न्हाईत, बाळा."

नियमही माझाच: सगळे स्टेशनात पोचल्याशिवाय गाडी सुटायची नाही. फासे म्हणजे पाच फोडलेले चिंचोके. जितके पांढरे पडतील तितकी घरं पुढं, सगळे काळे पडले तर जागेवर बसा. आणि काळे पाडण्यात माझा हात असा, की कावळ्यांनी शिकवणी लावावी. बहीण पोचली, भाची पोचली, भाचा सापांच्या तोंडातून रडून रडून सुटत पोचला. मी सहा दिवस नवव्या घरात.

"दादा, लेकरांचे शाळेचे दाखले काढायचेत रे."

"मी काय करू? नशीबच काळं!"

ती माझ्या बोटांकडं बघत राहिली. लहानपणी खेळात लबाडी करताना हीच बोटं तिनं कितीदा पकडली होती. या वेळी मात्र तिनं चिंचोके गोळा करून परत माझ्याच हातात दिले.

सातव्या दिवशी सकाळी बघतो तर दहापासून चौदापर्यंत पाचही घरांतून पाच हिरव्या शिड्या, थेट येडशीत!

"कुणी केलं हे?" मी ओरडलो.

भाची जवळ आली. "मामा, तुम्ही रोजच हरता. मला वाईट वाटतं, म्हणून काढल्या." आणि तिनंच चिंचोके उचलले. "तुमचा हात बरोबर नाहीये. तुमच्यासाठी मीच टाकते."

जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या देवांना अन् पिरांना मी एका दमात हाक मारली, की काळे पाडा. चार पांढरे पडले.

"मामा पोचले!" भाचा नाचायला लागला. भाचीनं टाळ्या वाजवल्या. बहिणीनं मान खाली घालून पिशवीची चेन ओढली.

दुपारी येडशीला मीच सोडायला गेलो, खऱ्या स्टेशनात. एकही माकड कामाला आलं नाही. सगळ्या पिशव्या गाडीत चढल्या.

फ्लेक्स परत गोठ्यावर टाकलंय, घरं आतल्या बाजूला. जनावरं कधीच विकलीत, म्हणून दुपारचा तिथंच बाज टाकून पडतो. नववं घर बरोबर तोंडावर येतं. त्या शिड्यांना साबण लावला, रॉकेल लावलं, विटेनं घासलं. जात न्हाईत.