थांबाबाईंचे फुगे

बाईंचं खरं नाव दाराच्या पाटीवर होतं. पण इस्पितळाच्या त्या फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये वॉर्डबॉयपासून पेशंटांच्या बायकांपर्यंत सगळे त्यांना थांबाबाई म्हणायचे. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची टाप होती? पेशंट अडखळला, नातेवाईक धरायला धावला, की बाईंचा आवाज यायचा, "थांबा!" बुटक्या, पन्नाशीच्या, पायात कापडी बूट, गळ्यात स्टॉपवॉच. पहिल्याच दिवशी मला वाटलं, हिचं आणि आपलं काही जमायचं नाही. मी पडलो न्हावी. गिऱ्हाईक खुर्चीत बसल्यापासून उठेपर्यंत माझ्या तोंडाचा पट्टा चालू.

आमचं दोन खुर्च्यांचं सलून आहे. एक माझी, एक दादाची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वस्तऱ्यावर त्याचा हात असा, की दाढी करता करता गिऱ्हाईक घोरायला लागायचं. एक दिवस पंख्याचा स्क्रू आवळायला तो स्टुलावर चढला. स्टूल धरायचं काम माझं. मी गिऱ्हाइकाला कसलासा किस्सा सांगत होतो, किस्सा रंगात आला आणि माझा हात सुटला. दादाचं डोकं बेसिनच्या कडेवर आपटलं. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त साकळलं, ऑपरेशन झालं, जीव वाचला. मला कोणी एका शब्दानं बोललं नाही. वहिनीसुद्धा नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दोन महिन्यांनी दादा बरा दिसायला लागला. बोलणं पहिल्यासारखं, उजवा हात पहिल्यासारखा, फक्त डावा पाय जरा ओढायचा. तो रोज विचारायचा, "दुकानात कधी जायचं?" मी म्हणायचो, उद्याच जाऊ. पण मग तो दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आपटायचा. सदऱ्याची एकच बाही घालून ऐटीत बाहेर यायचा. वहिनीचा जीव टांगणीला लागला होता तो वेगळ्याच गोष्टीसाठी. दादा रोज अर्धं जेवून उठायचा.

थांबाबाईंनी आधी हॉलमध्ये त्याची तपासणी केली. उभं केलं, चालवलं, बसवलं, वेळा मोजल्या. कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. दादानं छान गोल काढला आणि बाराचे बारा आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले. मी हसलो. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की माझं हसू जागच्या जागी विरलं.

"मला यांना जेवताना बघायचंय," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी थेट घरी आल्या.

दादा जेवला. अर्धं ताट संपवलं आणि हात आखडला. वहिनी रडवेली होऊन म्हणाली, "बघा मॅडम, भूकच मेलीय हो यांची." बाई पुढे झाल्या आणि त्यांनी ताट अर्धं फिरवलं. डावीकडचं सगळं उजवीकडे आलं. दादानं खाली बघितलं आणि म्हणाला, "अगं, परत कशाला वाढलंस?" आणि उरलेलं सगळं चाटूनपुसून खाल्लं.

इतके दिवस वहिनी बिचारी रोज नवीन काहीतरी रांधत होती!

"डोळे चांगले आहेत," बाई म्हणाल्या. "मेंदूच डावीकडे बघायचं विसरलाय. त्यांच्यासाठी डावं जगच नाही."

मी विचारलं, "मग वस्तरा?"

"दाढीला गाल किती असतात, धाकटेराव?"

एक खुर्ची कायमची रिकामी राहणार, आणि रोज सकाळी दुकान उघडलं की ती मला दिसणार.

उपचार सुरू झाले आणि मला वाटलं, बाई दादाला बरं करतायत की आमचा सूड उगवतायत? फर्मान निघालं की दादाशी सगळ्यांनी डावीकडूनच बोलायचं. डावीकडून हाक मारली की तो ढिम्म. मी उजवीकडे सरकलो की बाई, "थांबा!" घरात आणि दुकानात प्रत्येक आरशाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली. कुठलंही काम करताना आधी मान वळवून ती पट्टी शोधायची, मगच हात लावायचा. चहाचा कप डावीकडे, चष्मा डावीकडे, वर्तमानपत्र डावीकडे. दादा वैतागून घर डोक्यावर घ्यायचा आणि वहिनी चोरून कप उजवीकडे सरकवायची.

एकदा हॉलमध्ये बाईंनी तिला रंगेहाथ पकडलं. मला वाटलं, आता वहिनीची काही धडगत नाही. पण बाई तिच्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "माझ्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता. तेव्हा मी हे शिकलेही नव्हते. सहा महिने मी त्यांना माझ्या हातानं भरवलं. फार माया होती माझी. त्यांचा हात परत आला असता. मी येऊ दिला नाही." मग उठल्या आणि स्टॉपवॉच लावून दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. वहिनीनं पुन्हा कप सरकवला नाही.

मग हॉलमागच्या खोलीत फुगे आले. आमच्या धंद्यात नवशिका फुग्यावर फेस लावून वस्तरा चालवायला शिकतो. हे मीच बाईंना सांगितलं होतं, गप्पांच्या ओघात. त्यांनी ते बरोबर डोक्यात ठेवलं. आधी वस्तऱ्याऐवजी कंगव्याची पाठ. दादानं डाव्या हातानं फुगा धरला, फेस लावला आणि उजवी अर्धी बाजू अशी सफाईनं काढली की वा! टॉवेलनं हात पुसून म्हणाला, "झालं."

डावीकडे फेस तसाच. माझ्या तोंडून गेलंच, "दादा, अरे डावी बाजू!"

"बाहेर," बाई मला म्हणाल्या.

तळपायाची आग मस्तकात गेली. पंचवीस वर्षं वस्तरा चालवतोय मी, आणि ही बाई मला दाढीच्या खोलीतून बाहेर काढते? दारात उभा राहून मी हे मोठ्यानं बोललोही. बाई आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत की ते तुमच्या डोळ्यांनी बघतात. गिऱ्हाइकाच्या मानेशी वस्तरा असताना तुम्ही कुठे असणार?" मी बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसलो.

दोन आठवड्यांनी खरा वस्तरा आला. मग काय, फटाफट फुगे फुटायला लागले. फेस भिंतीवर, फेस बाईंच्या चष्म्यावर. दादा काम करत असताना बाई मुद्दाम त्याला बडबडायला लावायच्या, कारण न्हाव्याला गप्प राहून काम करता येत नाही हे त्यांना कळलं होतं. बोलायला लागला की डावी बाजू पुन्हा गायब. फुगेवाल्यानं मला विचारलं, "किती मुलं आहेत हो तुम्हाला?" तीन महिने गेले. हळूहळू फुटणारे फुगे कमी झाले. दादा मध्येच थांबून आपणहून मान वळवायला लागला.

एका सुटीच्या दुपारी बाई दुकानात आल्या. "फुगे झाले. आता गाल पाहिजे. तोही कापलं तर चालवून घेणारा."

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. दादानं बघितलं. मी म्हटलं, "माझा घ्या की!" म्हणताना आवाज मोठा काढला, पण माझी पाचावर धारण बसली होती. बाईंनी कानाशी येऊन बजावलं, "एक शब्द नाही. डोळ्यांनी खूणही नाही."

मी दादाच्या खुर्चीत बसलो. तो समोरून वाकला. माझा उजवा गाल त्याच्या डावीकडे. आधी डावा गाल झाला, लोण्यासारखा. दादा मजेत बोलत होता, कोणा गिऱ्हाइकाच्या टकलाबद्दल. मग त्यानं वस्तरा पुसला, खाली ठेवला आणि टॉवेल उचलला. माझा उजवा गाल फेसानं भरलेला. मी छताकडे बघत राहिलो. आयुष्यात एवढा वेळ मी कधी गप्प बसलो नसेन. बाईंचा हात वहिनीच्या मनगटावर घट्ट होता.

दादानं टॉवेल माझ्या तोंडाजवळ आणला. थांबला. मान डावीकडे वळवली, सावकाश, पार खुर्चीमागच्या आरशाच्या लाल पट्टीपर्यंत, आणि परत माझ्याकडे आला.

"अरे, अर्धा राहिलास की तू!"

त्यानं पुन्हा वस्तरा घेतला. डाव्या अंगठ्यानं कातडी ताणली. जबड्याच्या वळणावर चर्रकन झालं.

"लागलं रे," दादा म्हणाला. त्यानं तुरटी शोधली, ओली केली आणि नेमकी त्या जागेवर टेकवली.

"दिसलं!" थांबाबाई ओरडल्या. "डावीकडचं रक्त दिसलं त्यांना! कोणी सांगितलं नाही, आपलं आपण दिसलं!" आणि ती पन्नाशीची बाई कापडी बुटांवर चक्क उड्या मारायला लागली. रक्त माझं आणि आनंद बाईंना! वहिनी हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. मी पुसलेही नाहीत.

दादा वैतागला. "एवढंसं कापलं तर रडतोस काय लहान पोरासारखा? ऊठ आता. बाहेर गिऱ्हाईक खोळंबलं असेल."

बाहेर कोणी नव्हतं, दुकान बंद होतं. मी काही उठलो नाही. दादाच्या खुर्चीत तसाच बसून राहिलो आणि मनसोक्त रडून घेतलं.