कूलरसमोरचा पियानो

“सूर बराबर हायेत मिस्तरी, पण पाणी येऊन न्हाई राह्यलं,” भानुदासराव म्हणाले.

पियानोच्या तक्रारी मी बऱ्याच ऐकल्या आहेत. तार तुटली, पेडल कुरकुरतं, आत उंदराने संसार मांडला. पाणी येत नाही ही तक्रार नळाची. पण भानुदासरावांचं बदनापुरात ठिबक सिंचनाचं दुकान आहे. त्यांचं कुठलंही बोलणं शेवटी पाण्यावरच येतं, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

मी जालन्यात वाद्यं दुरुस्त करतो. जिल्ह्यात पियानो बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे माझं पोट हार्मोनियम आणि कीबोर्डवर चालतं. पियानोचा कॉल आला की मात्र मी इस्त्रीचा शर्ट घालून जातो.

खरी तक्रार त्यांच्या मुलीची, ऋतुजाची होती. तिला पुण्याच्या एका संगीत महाविद्यालयात प्रवेश हवा होता. त्यासाठी तिने वाजवलेल्या एका रचनेचा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. रचना पाण्यावरची. “काका, नदी वाजवायला बसते आणि ट्रॉलीतून खडी ओतल्यासारखं वाजतं,” ती म्हणाली. रडायचीच बाकी होती.

पियानोतून पाणी कसं ऐकू येतं, ते सांगतो. एकच सूर ठणकावून वाजवला तर घंटा वाटते. पण जवळजवळचे सूर हलक्या हाताने, भरभर, वरखाली वाजवत राहिलं की कान ते सुटे मोजायचं सोडून देतो आणि डोळ्यांपुढे लाटा यायला लागतात. डावा हात प्रवाह धरून ठेवतो. उजव्या हाताचे बारीक सूर त्यावर तुषारांसारखे उडतात. तारांवर नमद्याच्या, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीच्या, छोट्या गाद्या बसलेल्या असतात, त्यांना डॅम्पर म्हणतात. पेडल दाबलं की त्या उचलल्या जातात, सूर लगेच मिटत नाहीत, एकमेकांत मिसळतात. म्हणूनच युरोपातल्या मोठमोठ्या संगीतकारांनी झरे, तळी, पाऊस सगळं या पेटाऱ्यातून वाजवून घेतलं.

मी ट्यूनिंग तपासलं. ठीक होतं. पेडल, डॅम्पर, तेही ठीक. मग ऋतुजाला तो भरभर भाग वाजवायला लावला आणि दुखणं सापडलं. दाबलेली पट्टी वर यायला वेळ लावत होती. बोट दुसऱ्यांदा पडायचं तेव्हा पट्टी अजून खालीच. सूर उमटायचाच नाही. अशी मधेमधे आटलेली नदी कोणाला नदी वाटेल?

“ग्रीस मारून बघता का?” भानुदासरावांनी विचारलं. मी न ऐकल्यासारखं केलं.

पट्ट्या अडकतात म्हणजे लाकडात ओल गेली. पण मे महिना, बाहेर ओठ फुटतील असं ऊन. ओल येणार कुठून? विचार करता करता लक्षात आलं की मला घामच आलेला नाही. पाठीला मस्त गार वारा लागत होता. वळून पाहिलं तर हॉलमधल्या भल्यामोठ्या कूलरचं तोंड थेट पियानोकडे, आणि घरची माणसं दुसऱ्या कोपऱ्यात वर्तमानपत्राने वारा घेत बसलेली.

“विकणाऱ्यानं सांगितल्तं, कोरड्या हवेनं पियानोचं लाकूड तडकतं. मंग माणसाला सोसतं, बाजाला न्हाई सोसत,” भानुदासराव म्हणाले.

विकणारा खोटं बोलला नव्हता. त्याने चमचाभर औषध सांगितलं होतं, यांनी बाटली पाजली. उन्हाळा लागल्यापासून कूलर दिवसरात्र पियानोच्या सेवेत होता. लाकूड आणि नमदा फुगून बसले होते.

मी आधी कूलर बंद केला. भानुदासरावांच्या पत्नीने हुश्श केलं. बहुतेक त्याचा आवाज थांबला म्हणून. मग एकेक पट्टी काढली. पट्टीच्या छिद्राला आतून नमदा लावलेला असतो, त्यातून खिळा जातो. तो फुगलेला नमदा पकडीने जपून दाबायचा, पट्टी परत बसवायची, दाबून पाहायची. भानुदासराव शेजारी उभे होते. मायलेकी आत गेल्या तसे हळूच म्हणाले, “पोरगी हितंच राह्यली तर मला बरंच हाये. पण माझ्या कूलरपायी राह्यली, असं नको व्हायला.”

मी काम उरकायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेकॉर्डिंग होतं, मीही परत गेलो. माइकमध्ये पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखेही बंद. आम्ही सगळे निथळत बसलो. ऋतुजाने डावा हात सुरू केला आणि पहिल्यांदा ते सूर एकमेकांत शिरले. कुठे खड्डा नाही, कुठे अडणं नाही. मला फार बरं वाटलं, माझ्याच हातांचं कौतुक वाटलं. भानुदासराव दारात डोळे मिटून उभे होते.

“मी जल्मभर पाणी मोजून सोडलं. हिनं धरणच सोडलं,” ते म्हणाले. मग सवयीने पुस्ती जोडली, की एवढ्या पाण्याने मोसंबीची मुळं मात्र कुजतील.

ऋतुजाची निवड झाली. ती गेल्यावर भानुदासरावांचा फोन आला. वाजवणारं कोणी नसलं तर पियानो खराब होतो का, असं विचारत होते. मी म्हणालो, अधूनमधून पट्ट्या हलवत राहा.

“रोजच त्याच्यापुढं बसून राह्यलो,” ते म्हणाले. “वाजवता न्हाई येत. नुस्तं दाबून बघतो.”

दुर्लक्षाने बिघडलेलं वाद्य एका फेरीत दुरुस्त होतं. लाडाने बिघडलेलं असेल तर आधी घरातल्या माणसाला दुरुस्त करावं लागतं, आणि त्याचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत.