मागच्या सीटवरून निवडलेला सायलेन्सर

आमच्या मोटरसायकलचा सायलेन्सर खाऱ्या हवेने गंजून खालून फुटला, तेव्हा नवऱ्याला वाईट वाटायला हवं होतं. त्याला आनंद झाला. "आता बदलावाच लागणार," असं तो इतक्या उत्साहाने म्हणाला की भोक यानेच पाडलं की काय, अशी मला शंका आली.

पुढचे काही आठवडे घरात मोबाईलवर सायलेन्सर वाजत होते. मी पोळ्या लाटत असले की तो इअरफोन माझ्या कानात खुपसायचा. "हा ऐक. आता हा. फरक कळतोय?"

"पहिल्यात कोणीतरी चूळ भरतंय," मी म्हटलं, "आणि दुसऱ्यात तोच माणूस घाईघाईने चूळ भरतोय."

त्या दिवशी तो माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलला.

शेवटी एका रविवारी आम्ही नवघरच्या एका दुकानात गेलो. नवऱ्याने आखूड, मागून वर वळलेला एक सायलेन्सर पसंत केला. "अंदर जाली है सर, आवाज लिमिट में. पुलिस का टेन्शन नहीं," दुकानदार म्हणाला. मग दोघं वजनावर बोलले, चकाकीवर बोलले. मी विचारलं, "आणि मी पाय कुठे ठेवायचा?"

गाडीला मागेही सीट असते, हे दोघांना तेव्हाच कळल्यासारखं दिसलं.

"भाभी, पैर थोडा बाहर रखने का," दुकानदार म्हणाला.

"अगं, होते सवय," नवरा म्हणाला. आणि सायलेन्सर बसला.

तिथून थेट चौक गावाला, सासूबाईंकडे. गाडी गल्लीत शिरली तशी अंगणात वाळत घातलेल्या मासळीजवळची मांजरं पळाली आणि सासूबाई बाहेर आल्या. त्यांचा जन्म बोटींच्या इंजिनांच्या आवाजात गेलाय, त्यामुळे नवरा त्यांच्याकडे मोठ्या आशेने बघत होता.

"आई, कसा वाटतो आवाज?"

"बरा हाय," त्या म्हणाल्या. "पन हिचा पाय असा फाकलेला का?"

निघताना त्यांनी ताज्या बोंबलांची पिशवी दिली. डाव्या खांद्याला माझी पर्स होती, म्हणून पिशवी उजव्या हातात धरली. पाय बाहेर काढून बसायचं म्हणजे सगळं लक्ष पायातच. भाईंदरच्या सिग्नलला गाडी थांबली आणि मला छान वास आला. कोणाकडे तरी बोंबील तळतायत, असं मी म्हणतेय तोवर शेजारचा रिक्षावाला ओरडला, "मॅडम, मच्छी गिर रही है!"

तापलेल्या नळीला चिकटून पिशवी वितळली होती. अर्धे बोंबील रस्त्यावर पडले होते आणि दोन तर सायलेन्सरवरच चुरचुरत होते. नवरा उतरला, त्याने पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पॉलिशला काही झालं नाही ना?"

मी हातात उरलेलं पिशवीचं तोंड त्याच्यापुढे धरलं. मागचे हॉर्न वाजायला लागले, रिक्षावाला हसत होता, आणि मग नवऱ्यालाही हसू फुटलं. इतकं की त्याला गाडी बाजूला घेता येईना.

दुसऱ्याच दिवशी आम्ही परत दुकानात. यावेळी गाडी स्टँडवर लावून मी आधी मागे बसले आणि एकेक सायलेन्सर पायाशी धरून बघितला. पोटरी कुठे लागते, कुर्त्याचं टोक कुठे पोचतं. लांब, खाली राहणारा, वरून जाड पत्र्याचं झाकण असलेला एक मी ठरवला. दिसायला अगदीच साधा. त्याचा आवाजही मवाळ. तो बसवल्यावर नवऱ्याने गाडी चालू करून ऐकली आणि परीक्षेचा निकाल ऐकावा तशी मान हलवली.

पुढच्या रविवारी उत्तनच्या रस्त्याला लागलो. पाय जागेवर, हात मोकळे, आणि गाडीवर बसून एकमेकांचं बोलणं पहिल्यांदाच नीट ऐकू येत होतं. मला फार बरं वाटलं.

"ऐक ना," नवरा म्हणाला, "मी टायर बघतोय."

मग उत्तन येईपर्यंत तो टायरबद्दल बोलत होता, आणि मला त्यातला शब्द न् शब्द ऐकू आला.