पेंट मारलेला डाला

मागच्या महिन्यात मी पिकअपच्या डाल्यात, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागात, प्लास्टिकचं काळं लायनर बसवून आणलं. दुकानदाराने त्यावर बोट फिरवलं. "पाहा भाऊ, आरसाच." सव्वीस वर्षं फौजेत गाड्या चालवलेला मी, आरशावर भाळून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी 0730 ला गोंडपिपरीहून सिमेंटच्या तीस गोण्या घेऊन निघालो. 0810 ला नाल्याच्या चढावर अख्खा माल मागे घसरला. डाल्याचा मागचा फाळका उघडला आणि आठ गोण्या रस्त्यावर फुटल्या. म्हशी घेऊन चाललेला एक म्हातारा थांबला.

"काऊन फौजी, रोड बांधून राह्यले का?"

एरवी मी त्याच्याबरोबर हसलो असतो. त्या दिवशी त्याच्यावर खेकसलो. खरा राग माझाच मला आला होता. गुळगुळीत डाला काय करतो हे मला पक्कं माहीत होतं.

ही फौजेतली गोष्ट, तेव्हा मी हवालदार होतो. उत्तरेकडच्या डोंगरात आमची ट्रान्सपोर्ट प्लाटून होती. 0430 ला उठायचं, 0500 ला गाडी तपासायची, 0600 ला कॉन्व्हॉय. वर जाताना रेशन आणि केरोसीनचे भरलेले बॅरल, येताना रिकामे. माझा को-ड्रायव्हर नाईक बाबुराव पोंभुर्ण्याचा. आम्ही दोघं आपल्या बोलीत बोलायचो. बाकीच्यांना वाटायचं, यांचं भांडण चाललंय.

आमच्या गावाकडे कोळसा खाणीतला झिजलेला रबरी पट्टा भंगारात मिळतो. ट्रकवाले तो डाल्यात अंथरतात. बाबुरावने दोन सुट्ट्यांत त्याच्या दोन गुंडाळ्या बिस्तऱ्यात बांधून रेल्वेने आणल्या होत्या. आमच्या गाडीतला बॅरल कधी बोटभर हलला नाही.

मग इन्स्पेक्शन आलं. सुभेदार साहेबांनी डाल्यात डोकावून पाहिलं.

"ये कबाड़ निकालो. डाला शीशे जैसा चमकना चाहिए."

बाबुराव माझ्याकडे वळला. "भाऊ, साहेबाले सांगा ना. पट्टा काढला तं बॅरल नाचतीन."

"चार दिवसाची गोष्ट आहे. काढ."

पट्टा स्टोअरमध्ये गेला. पेंटचे दोन हात मी स्वतः मारले. शाबासकी मिळाली आणि मी ती छाती फुगवून घेतली. याला अक्कल म्हणत असतील तर आमच्या घरच्या बकरीलाही प्रमोशन द्यायला हवं.

इन्स्पेक्शन संपलं. स्टोअरवाला सुट्टीवर, किल्ली त्याच्या ट्रंकेत. 0600 ला कॉन्व्हॉय पट्ट्याशिवाय निघाला. बाबुरावने दोर दोनदा आवळला, गाठ ओढून मला दाखवली. गाठ पक्की होती. मी हात लावून पाहिली आहे.

बर्फाळ पाऊस पडत होता. 0920 ला चढावर रेडिओ वाजला.

"स्टॉप. आगे रोड ब्लॉक. ओव्हर."

"रॉजर."

मी ब्रेक मारला. अशा वेळी को-ड्रायव्हरने उतरून मागच्या चाकाला लाकडी गुटका लावायचा असतो. बाबुराव उतरून मागे गेला. मागे बॅरल सरकल्याचा आवाज आला. पावसाने ओल्या झालेल्या पेंटवरून चारही भरलेले बॅरल एकदम घसरले, दोर तुटला, फाळका तुटला.

0926 ला मी रेडिओवर बोललो. "वन कॅज्युअल्टी. ओव्हर."

"से अगेन."

मी पुन्हा सांगितलं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला विचारलं, "डाला कैसा था?" सुभेदार साहेब समोरच बसले होते. मी म्हणालो, "ठीक था, साहब." कागदावर लिहिलं गेलं, दोर नीट बांधला नव्हता, नाईकाची चूक. ज्याने गाडीची काळजी घेतली त्याच्यावर ठपका, आणि ब्रश धरणाऱ्याला पुढे पेन्शन. त्या साहेबांना आजही शिव्या देतो. पण तोंड शिवून बसलेला मी होतो.

दर वर्षी पोंभुर्ण्याला जातो. त्याची बायको शांताबाई चहा ठेवते. एकदा म्हणाली, "दोर बराबर बांधला असता तं आज असते." मी चहा पिऊन निघून आलो.

त्या सिमेंटनंतर प्लास्टिक उपटून फेकलं. गंज टाळायचा असेल तर खरखरीत स्प्रे कोटिंग चांगलं. जड माल न्यायचा असेल तर जाड रबर घ्या. आणि बोट फिरवून दाखवणाऱ्या दुकानदाराला सांगा, हात नको फिरवू, भरलेली गोणी ठेवून गाडी चढावर उभी कर.

मी खाणीचा जुना पट्टा आणला. बसवताना बायको प्रमिला खालून नट धरून होती. तिला बाबुराव ड्युटीवर वारला एवढंच माहीत होतं. पेंटचं त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं, इन्क्वायरीतलंही. खाली नट टणकन पडला.

मग ती बाहेर आली, हात पदराला पुसले.

"मले काऊन सांगून राह्यले? शांताबाईले सांगा. इतके वर्सं बिचारी आपल्या नवऱ्याच्या गाठीले दोष देऊन राह्यली. चला, मीबी येतो."