करवंटीतला उरलेला खडा

साल्वादोर पिंटो हा माणूस भित्रा आहे, हे अख्ख्या तारकर्लीला ठाऊक आहे आणि त्याने स्वतःही ते कधी नाकारलेलं नाही. होडीत बसण्याआधी हा तळाला हात लावून बघणार. माडाखालून जाताना मान वर करून चालणार. गॅस बंद केला का, हे बायकोला, सेलेस्तीनला, तीनदा विचारणार. आणि असल्या माणसाने धंदा कसला काढावा? तर पर्यटकांना कोंडात पोहायला न्यायचा! आता काय बोलायचं, सांगा.

एका दिवसाची सहल असते. सकाळी आठला तारकर्लीहून गाडी निघते, मालवण मागे टाकून आत सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर जाते. तिथे कातळात कोरलेली जुनी चित्रं दाखवायची. कोणी कोरली असं विचारलं, तर "देवाक म्हायत" असं प्रामाणिकपणे सांगायचं. मग काजूच्या बागेतून उतरून रांजणकोंडावर. ओहोळाने कातळ पोखरून केलेला हा खोल डोह, पाणी बारा महिने हिरवंगार. पोहून झालं की वर आंब्याखाली सेलेस्तीनचे कोंबडी-वडे. लोक खूश होऊन जातात.

ही कल्पना त्याने आणली कुठून, तर थेट मेक्सिकोहून. चौदा वर्षं तो एका मोठ्या प्रवासी जहाजाच्या किचनात होता. जहाज तिथल्या बंदराला लागलं की प्रवासी असलीच सहल करायचे. आधी माया लोकांचे पडके दगडी मनोरे, मग सेनोटे. सेनोटे म्हणजे जमीन खचून झालेली प्रचंड विहीर, वर दगडाचं छत, खाली थंडगार पाणी. एकदा सुट्टी मिळाली तेव्हा साल्वादोरही पैसे भरून एकटाच गेला. घरी आल्यावर सेलेस्तीनला एवढंच म्हणाला, "बरा होता. येताना बस चुकली."

बस चुकली नव्हती. बस त्याला टाकून गेली होती.

झालं असं, की सेनोटेच्या आतल्या अंगाला एक कपार होती. साल्वादोर दोरी धरून तिथे गेला आणि त्याच्या उजव्या पायात गोळा आला. गोळा जाईपर्यंत हा दोरीला लटकून राहिला. तेवढ्यात बाहेर गाईडने डोकी मोजली. बावीस हवी होती, बावीस भरली, कारण दुसऱ्या बसमधले एक आजोबा चुकून ह्यांच्या रांगेत उभे राहिले होते. झालं! दिवे बंद, मंडळी बसमध्ये, आणि काळ्या पाण्यात साल्वादोर. तो ओरडला, तर त्याचाच आवाज छताला आपटून परत आला. दोन तासांनी पुढची तुकडी आली तेव्हा कुठे दिवे लागले. त्या दोन तासांत मरणाची भीती वाटलीच, नाही कशी वाटेल? पण त्याहून वाईट भीती दुसरी होती. मोजणाऱ्याने मोजलंय, मोजणी बरोबर आलीय, आणि आपण तिच्यात नाही. आपल्याला शोधायला कोणी येणारच नाही.

तेव्हापासून नऊ वर्षं झाली, साल्वादोरने डोकं पाण्याखाली घातलेलं नाही. अंघोळीलासुद्धा तांब्या खांद्यावरून ओततो.

आणि म्हणूनच तो डोकी मोजत नाही. कोंडाच्या काठावर सपाट दगडावर तो नारळाची एक मोठी करवंटी ठेवतो. पाण्यात उतरणाऱ्याने काठावरचा एक खडा उचलून तिच्यात टाकायचा, बाहेर आल्यावर एक काढायचा. आत किती पडले, हे बघायचंच नाही. शेवटी करवंटी रिकामी झाली पाहिजे, बस्स. "एक पाय जरी पाण्यात घातलात, तरी खडो!" हे तो इतक्या वेळा सांगतो की लोक वैतागतात. स्वतः मात्र काठावर लांब बांबू आणि ट्यूब घेऊन उभा असतो.

फेब्रुवारीतला तो रविवार. गाडीत नऊजण होते. सहा पुण्याच्या एका ऑफिसातले, त्यांचा म्होरक्या दत्तप्रसाद, आवाज असा की सड्यावरच्या टिटव्या उडाल्या. उरलेली तिघं जामसंड्याची, सत्तरीच्या आनंदीबाई आणि त्यांची कॉलेजात जाणारी नातवंडं, ओंकार आणि आकांक्षा. कोंडाच्या पलीकडच्या दगडावर एक अनोळखी माणूस निळी टोपी घालून गरी टाकून बसला होता. साल्वादोरने त्यालाही हाक मारून सांगितलं, "रे बाबा, पाण्यात उतारलंस तर हयसर येवन खडो टाक हां!" त्याने मान हलवली.

तास-दीड तास मंडळी डुंबली. आनंदीबाईंनी काठावर बसून घोट्यापर्यंत पाय बुडवले, आणि गुडघे धरतात म्हणून लवकर उठून, हळूहळू चढण चढत सेलेस्तीनच्या सोबतीला वर गेल्या. मग एकेकजण बाहेर येऊ लागला. साल्वादोर पलीकडे वळून ट्यूबला दोरी गुंडाळत होता. सगळे अंग पुसायला लागले तेव्हा त्याने करवंटी उचलली.

आत एक खडा होता.

लालसर, जांभ्या दगडाचा, सुपारीएवढा. "कोणाचो खडो रवलो?" त्याने विचारलं. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. आम्ही काढला, आम्हीही काढला. दत्तप्रसादने बोट नाचवत माणसं मोजली आणि म्हणाला, "आम्ही सहा, ही दोघं आणि आजी वर. नऊच्या नऊ आहेत, काका. कोणीतरी दोन टाकले असतील. चला, पोटात कावळे ओरडतायत."

नऊच्या नऊ. साल्वादोरच्या कानात ते बावीस-च्या-बावीस असंच ऐकू आलं. त्याने पलीकडच्या दगडाकडे पाहिलं. निळी टोपी दगडावर होती. टोपीखालचा माणूस नव्हता.

"तो खंय गेलो?" साल्वादोर म्हणाला. कोणीच बघितलं नव्हतं. दोघांतिघांनी हाका मारल्या. पाणी हललं नाही. फोन काढला तर खाली रेंज शून्य.

ओंकार पुढे झाला, म्हणाला, "काका, मला येतं पोहायला, मी बघतो." साल्वादोरने त्याचा दंड धरला.

"तू नुको. तू भायर इलंस, तुझो खडो काढलंस. हो बांबू धर."

शर्ट काढला. कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूस केला. "सायबा, माका भियां वाटता," एवढंच तो मोठ्याने बोलला, आणि नऊ वर्षांनी पाण्याखाली गेला.

वरून हिरवं दिसणारं पाणी आत दोन पुरुष खाली काळं होतं. थंडीने छाती आवळली. डोळे उघडले तर स्वतःचे हात दिसेनात. कातळाच्या भिंतीला चाचपत तो अर्धा डोह फिरला, आणि छाती फुटायला आली तसा वर आला. काही नाही.

दुसऱ्यांदा गेला. ह्या खेपेस हाताला काहीतरी लागलं. मऊ, बुळबुळीत, मनगटाएवढं जाड. साल्वादोर पाण्यातच किंचाळला, नाकातोंडात पाणी गेलं. पळून वर जावं असं त्याला वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण त्याने ते घट्ट धरलं आणि ओढत वर आणलं. कुजलेली फांदी होती, शेवाळाने माखलेली. आकांक्षा रडायलाच लागली.

"काका, पुरे आता," ओंकार म्हणाला. "वर जाऊन माणसं आणू."

"माणसां येयसर तो रवात?" साल्वादोर धापा टाकत म्हणाला. "तो खाली आसा तर त्येका वाटात, कोण येवचो नाय."

तिसऱ्यांदा गेला तो तळापर्यंत. आणि तिथे, वाळूला हात लागला त्याच क्षणी, उजव्या पायात गोळा आला. तोच पाय, तोच गोळा. वर कुठे आणि खाली कुठे, तेच कळेना. आपण पुन्हा त्या सेनोटेत आहोत, दिवे गेलेत, बस गेलीय, असंच त्याला वाटलं. त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात डोक्याला काहीतरी टोचलं. ओंकारचा बांबू! कसाबसा तो पकडला, आणि सगळ्यांनी मिळून त्याला कातळावर ओढून काढला.

ह्या आरडाओरड्याने वरची माणसं धावली. सेलेस्तीन पुढे, तिच्या मागे एकेक पाऊल तोलत आनंदीबाई. आणि पलीकडच्या काजूंतून, हातात दोन बोंडं घेऊन, निळ्या टोपीचा मालक. केस कोरडे ठाक.

"काय झाला? कोण बुडालो?" तो म्हणाला.

"मेल्या, तू जितो आसस?" साल्वादोर ओरडला. "तुझो खडो!"

"माझो कसलो खडो? मी पाण्यात गेलंयच खंय?"

कोणालाही वाटेल, आता साल्वादोरचा जीव भांड्यात पडला असेल. छे! उलट त्याचा चेहरा पार उतरला. हा नाही, तर मग कोण? म्हणजे ज्याला आपण बघितलंच नाही, ज्याचं नावसुद्धा कोणाला ठाऊक नाही, असा कोणीतरी खाली आहे. तो लंगडत पुन्हा पाण्याकडे निघाला. सेलेस्तीनने त्याला कमरेला मिठी मारली. "सालू, नुको रे, पायां पडतंय तुझ्या!"

"काय सोदतंस रे बाबा?" आनंदीबाईंनी विचारलं. त्या आत्ताच खाली पोचल्या होत्या. आकांक्षाने करवंटी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी आत पाहिलं आणि त्यांचा हात तोंडावर गेला.

"अगे बाय माझे. हो आमचो."

"तुमचा काढलात ना तुम्ही?" ओंकार म्हणाला.

"माझो काढलंय. हो चौथो." म्हातारी कातळावर मटकन बसली. "आमी तिघां. तिनाणी मिळान घराभायर पडा नये. म्हणान खळ्यातलो एक खडो चौथो म्हणान पिशयेत घेतलंय. हयसर पाण्यात उतारतना वाटला, धोको तर हयसरच आसा, चौथ्याकय मोजात घालूक होयो. तुमी हसशात म्हणान गुपचूप टाकलंय. आणि जातना इसारलंय."

दत्तप्रसाद फिस्सकन हसला. सेलेस्तीनने त्याच्याकडे असं बघितलं की त्याचं हसू तिथेच विझलं.

साल्वादोर मात्र भडकला. "मी मेलंय असतंय, आनंदीबाय! एका दगडाक सोदूक तीनदा गेलंय मी! माझो जीव गेलो असतो!" असं म्हणता म्हणता त्याला रडू फुटलं. पंचावन्न वर्षांचा बाप्या, परक्या लोकांसमोर, ओल्या पॅन्टीत हमसून हमसून रडला. सेलेस्तीन टॉवेलने त्याची पाठ पुसत राहिली.

"बस चुकली नाय होती गो," तो तिला म्हणाला. आणि मग नऊ वर्षं न बोललेलं सगळं बोलून गेला. कपार, दोरी, आजोबा, बावीस डोकी, बंद झालेले दिवे. सेलेस्तीन पुसायचं थांबली.

आनंदीबाई सगळं ऐकत होत्या. त्यांनी करवंटीतला लाल खडा काढून तळहातावर घेतला.

"साल्वादोरा, माका एक सांग. तू तीनदा पाण्यात गेलंस. तेवा तुझो खडो खंय होतो?"

साल्वादोरने मान वर केली. त्याने करवंटीकडे पाहिलं, मग म्हातारीकडे. किती वर्षं तो सहली नेतोय, हजारभर माणसांनी त्या करवंटीत खडे टाकले असतील. पण एकही खडा त्याचा नव्हता. आज तो तळाशी राहिला असता, तर करवंटीत त्याच्यासाठी काहीच उरलं नसतं.

"म्हणजे थंयसर तुका मोजूक नाय," म्हातारी म्हणाली, "आणि हयसर तूच मोजलंस नाय."

तिने खडा परत करवंटीत टाकला. टक्कन वाजला.

"हो आता तुझो. आमकां परतीक मी हयसरचो दुसरो घेयन. तू पाण्यातसून भायर इलंस मा? मगे काढ बघूया."

साल्वादोरने करवंटीत हात घातला, पण पहिल्यांदा खडा बोटांतून निसटला. दुसऱ्यांदा त्याने तो उचलला, मूठ मिटली, आणि करवंटी रिकामी झाली. मग सगळे जेवायला वर गेले.