पिवळ्या खुर्च्या आणि पोस्टमनची सायकल

माझ्या आत्याला सगळी गल्ली टाचणीकाकू म्हणायची, कारण शिवायला बसली की तिच्या ओठांत टाचण्या असायच्या आणि ती त्यांच्या फटीतूनच बोलायची. जन्मभर तिने शाळेचे गणवेश शिवले. राखाडी पँटी, निळे स्कर्ट, पुन्हा राखाडी पँटी. डोळे शिणले तसं तिने मशीन झाकून ठेवलं आणि मागच्या अंगणात जाऊन बसू लागली. तिथे एक लोखंडी टेबल आणि चार खुर्च्या होत्या, पण गंजाने अशा खाल्लेल्या, की उठताना साडीवर तांबडा शिक्का उमटायचा.

"भंगारात देऊन टाकू," आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, म्हणाले. "प्लास्टिकच्या आणू. हलक्या असतात."

"कुरकुरणारं सगळं भंगारात द्यायचं, तर आधी तुमचे गुडघे द्यावे लागतील," आत्या म्हणाली आणि पिशवी घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेली.

तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, प्रायमर आणि रंगाचे स्प्रे घ्यायचे होते. दुकानदार म्हणाला, राखाडी न्या, मळत नाही. आत्याने त्याच्याकडे असं काही पाहिलं, की त्याने मुकाट्याने पिवळेधमक डबे काढून दिले.

गंज खरवडता खरवडता दोघंही तांबडीलाल झाली. खुर्च्या धुतल्या, उन्हात वाळवल्या, त्यांना प्रायमर मारला. मग आत्याने नाकातोंडावर फडकं बांधून पहिल्या खुर्चीवर फवारा धरला, तो धरूनच ठेवला. रंगाचे ओघळ पायांवरून खाली उतरले.

"खुर्ची रडायला लागली," काका म्हणाले.

आत्याने ओघळाला बोट लावून पाहिलं. "इस्त्री एका जागी ठेवली की कापड जळतं. हेही तसंच दिसतंय."

ओघळ वाळल्यावर तिने घासून काढले, डबा वीतभर लांब धरला आणि हात फिरता ठेवला. पातळ थर, तो वाळला की दुसरा. खुर्च्या एकेक करून उजळू लागल्या. आत्या इतकी रंगात आली होती, की वारा सुटलेला तिच्या ध्यानातच आला नाही.

कुंपणापलीकडे शेजारच्या निवृत्त पोस्टमनची काळी सायकल उभी होती. संध्याकाळी तो कुंपणाशी आला.

"काकू, माझ्या सायकलला कांजिण्या आल्यात."

बिचाऱ्याने ठिपके थिनरने पुसून पाहिले होते, पण त्यांच्याबरोबर काळा रंगही निघाला आणि सायकल जागोजागी उघडी पडली. आत्याला मनापासून वाईट वाटलं.

"मी पूर्ण रंगवून देते. पण माझ्याकडे पिवळाच आहे."

"पिवळी? या वयात?"

"कुणाच्या वयात? सायकलच्या की तुमच्या?"

तो हसला आणि तिथेच फसला. आत्याने गणवेशांच्या जुन्या कागदी पॅटर्नमध्ये चाकं, साखळी आणि घंटी गुंडाळली आणि दोन दिवसांत सायकल पिवळीजर्द करून दिली.

आठवडा झाला नाही तोच तो पुन्हा हजर. या खेपेला तो काळा रंग कुठे मिळतो ते विचारत होता. पेन्शनच्या कामाला बँकेत जातो असं घरी सांगून तो रोज बाजारातल्या पत्त्यांच्या अड्ड्यावर बसायचा. आता अड्ड्याबाहेर लावलेली पिवळी सायकल भाजीवाल्याकडूनही दिसायची, आणि भाजी आणायला त्याची बायको जायची.

नेमकी ती बायको त्या वेळी आत्याच्या खुर्चीत बसून चहा पीत होती.

"राहू दे पिवळीच," ती शांतपणे म्हणाली. "छान दिसते."

तो उरलेल्या खुर्चीत बसला. आत्याने त्याच्यापुढे कप ठेवला. थोड्या वेळाने दोघी टेबलाचा रंग बघायला वाकल्या, तसा तो काकांच्या कानाशी आला.

"चौकात आता ट्रकवालेसुद्धा मला बघून थांबतात," तो कुजबुजला. "इतकी वर्षं टपाल वाटलं, कुणी थांबलं नव्हतं. पण हे हिला सांगू नका."