उघडा खिसा

सकाळी खिडकीत ऊन आलं की मी आधी चार-पाच सुयांत दोरा ओवून त्या पडद्याला टोचून ठेवते. पूर्वी हे काम यांचं. मी गोधडी शिवायची आणि हे शेजारी बसून सुया ओवून द्यायचे. हे गेल्यावर गॅस माझ्या नावावर झाला, मोबाइलवर लाइटबिल भरायला मी शिकले, आणि आता दोराही माझा मीच ओवते.

नणंदेच्या मुलीला मुलगी झाली. तिच्यासाठी शिवत असलेल्या गोधडीच्या मधोमध यांचा निळ्या रेघांचा शर्ट खिशासकट लावलाय. काल नणंदेनं तो ओळखला.

"वहिनी, गेलेल्या माणसाचं कापड बाळाच्या अंगावर? काढा ते."

मी सुई थांबवली नाही. म्हटलं, "तू तुझ्या आजीच्या लुगड्याच्या गोधडीत वाढलीस. ती शिवली तेव्हा आजी होती का?"



गोधडीला कोरं कापड चालत नाही. ते ताठ असतं, बाळाला टोचतं. कुणीतरी अंगावर वापरून, धुवून धुवून विरलेलंच लागतं. तो मऊपणा दुकानात मिळत नाही. मग ज्यानं तो आणला, तो गेला म्हणून कापड अशुभ कसं?

निघताना नणंद हळूच म्हणाली, "निदान खिसा तरी उसवा."

नाही उसवला. त्याचं तोंडही शिवलं नाही. आजोबांच्या खिशात हात घालायला कुठल्या नातीनं कधी कुणाला विचारलंय?